डावखुरी शिवण

मथुरा,

तुझ्या शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. दोनदा पुढे बोलावणं आलं. गुडघ्यांचं निमित्त सांगून मी जागेवरून हललो नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या संध्याकाळी दुखत होतं ते दुसरंच. सभागृह भरून गेलं होतं. तुझ्या गावच्या बायका आल्या होत्या. वागळे इस्टेटमधले गाळेवाले काम अर्धं टाकून आले होते. आर्ट स्कूलची पोरं जिन्यात उभी होती, आणि त्यांच्यातली एक मुलगी, जिला तू बहुधा कधी पाहिलंही नसशील, हुंदके देऊन रडत होती. माझ्या शोकसभेला कोण कोण येईल, याचा मी तिथंच बसून अंदाज घेतला. ज्यांचे पुतळे मी केले ते सगळे आधीच गेलेले आहेत. त्यांच्यापैकी कोणी यायचं नाही.

तुझं तेरावं नुकतंच झालंय आणि मी अजून तुझ्यावर जळतोच आहे. वय झालं की हे विझतं असं म्हणतात. माझं विझलं नाही. तुझ्या लोखंडावर गंज चढला की लोक म्हणायचे, काय सुंदर पोत आलाय. माझ्या ब्राँझवर कबुतरं बसतात आणि कोणी काही म्हणत नाही.

सभा संपल्यावर प्राची माझ्याजवळ येऊन बसली. रमेशची, तुझ्या धाकट्या भावाची मुलगी. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी चेहऱ्यावर काहीतरी आनंदाचं सांगायची घाई होती.

"काका, आत्याचं चौकातलं मोठं शिल्प, 'मीठ ओढणारी', परत उभं राहतंय. खाडीच्या कडेला नवी बाग होतेय ना, तिथं."

"महापालिकेच्या यार्डातून काढली शेवटी?"

"काढतायत. आणि अजून एक. पाटीवर आत्याच्या नावाखाली तुमचंही नाव घालायचं ठरलंय. मीच आग्रह धरला."

"माझं कशाला गं?"

"असं काय करता काका! बाकीची लहान कामं आत्यानं एकटीनं केली, पण हे मोठं काम म्हणजे कल्पना तिची आणि हात तुमचे. सगळ्या ठाण्याला माहीत आहे."

सगळ्या ठाण्याला माहीत आहे. मथुरा, ही गोष्ट मी इतकी वर्षं मांजरासारखी पाळली. मुद्दाम दूध कधी घातलं नाही, पण तिच्यासाठी दार उघडं ठेवायला विसरलोही नाही. प्राचीनं जाता जाता स्मरणिकेसाठी दोन पानंही मागितली. विषय, 'आमचं एकत्र काम'. तीच लिहायला बसलोय. पानं दोनाहून जास्त होणार, आणि ती वाचून प्राची ती छापेल की नाही, मला सांगता येत नाही.

*

तू आर्ट स्कूलमध्ये आलीस त्याच्या आधी मी पहिला यायचो. हे वाक्य मी आयुष्यभर कोणाला ना कोणाला ऐकवत आलो, फक्त त्याचा उत्तरार्ध गाळून.

मी कल्याणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलो. आमच्या बाबांचा एकच धर्म होता: मूर्तीवर कारागिराचं बोट दिसता कामा नये. शाडूवर अंगठ्याचा ठसा राहिला की ते ओला कुंचला माझ्या हातात द्यायचे आणि दुसऱ्या हातानं माझा कान पिळायचे. "देवाच्या पोटावर तुझा अंगठा कशाला? लोक पूजा देवाची करणार आहेत, तुझी नाही." त्यामुळे माझी मूर्ती कशी, लोण्यासारखी. मास्तर वर्गाला बोलावून दाखवायचे, हात फिरवून बघा म्हणायचे.

आणि तू. उभ्या माणसाचा अभ्यास दिला होता. तुझा मातीचा माणूस दुसऱ्या दिवशी कोसळला. वर्ग हसला, मी सगळ्यात मोठ्यानं. आठवडा गेला, आणि तू गोणपाटात गुंडाळून काहीतरी घेऊन आलीस. तुझ्या मामाचा वागळे इस्टेटमध्ये पाण्याच्या टाक्या बनवायचा गाळा होता. तिथल्या कापलेल्या पट्ट्या जोडून तू माणूस उभा केला होतास. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते, आणि तरी तो उभा राहून कंटाळलाय हे कळत होतं. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. माझ्या मूर्तीसमोर ते कधीच गप्प राहिले नव्हते, लगेच बोलायचे.

मी काय म्हणालो आठवतंय? "जोड दिसतायत सगळे. घासून घ्यायला हवे होते."

तू म्हणालीस, "का रं? शर्टाची शिवण दिसत नाय का तुझ्या? तरी घालून आलायस ना?"

तेव्हापासून वेल्डिंगच्या जोडाला आपण दोघं शिवण म्हणायला लागलो. वितळलेलं लोखंड थंड होताना त्याच्यावर लहान लहान लहरी उमटतात, एकीला लागून एक, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. तुझ्या त्या लहरी सगळ्यांच्या उलट जायच्या, उजवीकडून डावीकडे, कारण तू डावखुरी. तुझी आय तुला जेवताना डावा हात मांडीखाली घालून बसवायची. मिठागरावर जन्म गेलेली बाई ती. "डाव्या हातान मीठ नको वाढूस गो, घराची बरकत जाते." तू उजव्या हातानं मीठ वाढायला शिकलीस, उजव्या हातानं लिहायलाही शिकलीस. वेल्डिंगचा होल्डर मात्र पहिल्या दिवसापासून डाव्या हातात धरलास. तिथं आय नव्हती.

आणि दुसरी तुझी खोड म्हणजे सगळं उभ्यानं जोडायचं. सगळे लोक तुकडे जमिनीवर आडवे पाडून जोडतात, सोपं पडतं. तू नाही. "झोपवून शिवलेला माणूस उभा केला की लंगडतो," म्हणायचीस. म्हणून तुला नेहमी एक माणूस लागायचा, ओळंबा धरायला, दोराला टांगलेल्या वजनावरून काम सरळ उभं आहे का ते सांगायला. तो मी.

तुझ्या मामानं अर्धा गाळा आपल्याला दिला तेव्हा एका भिंतीला माझे प्लास्टरचे साचे आणि दुसऱ्या भिंतीला तुझं भंगार, असं आपलं राज्य होतं. तुझं भंगार मोहन्याहून यायचं, तिथल्या एका भंगारवाल्याशी तू इतकी हुज्जत घालायचीस की तो तुला बघून दुकान बंद करायचा. तुझ्या ठिणग्या उडून माझ्या प्लास्टरच्या पुढाऱ्यांच्या गालावर खड्डे पडायचे. मी ओरडलो की तू मास्क वर करून म्हणायचीस, "सदा, तुझ्या साहेबांना देवी आल्यात बघ. लिंबाचा पाला बांध."

मी हसायचो. हसता हसता तुझ्या भिंतीकडे बघायचो. मला कामं जास्त मिळत होती. मला माणसं ओळखत होती. आणि रोज सकाळी गाळ्याचं शटर वर केलं की मला माझं काम दिसायचंच नाही, तुझंच दिसायचं.

*

'मीठ ओढणारी' गाळ्यातच उभी राहिली. दोन पुरुष उंच. छपराचे दोन पत्रे काढावे लागले होते. मामा म्हणाला, "पोरी, पाऊस आला तर?" तू म्हणालीस, "तर भिजेल. मिठागरात छत्री घेऊन कोण जातं?"

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. एका वाकलेल्या बाईची पाठ. फक्त पाठ, जाड पत्र्यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली, होडीच्या सांगाड्यासारखी आतून पोकळ. लांब दांड्याची फळी घेऊन मीठ ओढणारी तुझी आय. डोकं नाही, पाय नाहीत, फळीसुद्धा नाही. तरी ती काहीतरी जड ओढतेय हे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या कमरेला कळतं.

त्या पाठीवरची एकही शिवण माझी नाही. इथं स्वच्छ लिहून ठेवतो. मला वेल्डिंग येतच नव्हतं. तू शिकवायचा प्रयत्न केलास, माझी शिवण मुंग्यांच्या वारुळासारखी यायची. कापणं तुझं, वाकवणं तुझं, जोडणं तुझं. परांचीवर चढून, डोक्यावर हात नेऊन, कानात ठिणगी जाऊन तू ते काम केलंस. मी खाली ओळंबा धरून उभा असायचो. तू वरून ओरडायचीस, "सरळ हाय का रं?" मी सांगायचो. तेवढंच.

ठाण्याच्या चौकात ती बसवायची ठरली आणि आपलं भांडण झालं. तुला तिची आतली बाजू रस्त्याकडे हवी होती, बरगड्या, शिवणी, सगळं दाखवत. "पाठ तर सगळेच बघतात बाईची. आत काय चाललंय ते दिसू दे." मला बाहेरची बाजू रस्त्याकडे हवी होती. इंजिनियरसाहेबांनी मला विचारलं, तुला नाही. मी म्हणालो, बाहेरची. बसली.

तुझं म्हणणं पडलं होतं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

अनावरणाच्या आदल्या दिवशी रमेशची हळद होती. तुमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, अख्खं गाव नाचणार. सख्खी बहीण नाही असं चालणार नव्हतं. मलाही बोलावणं होतं. तुला खोपटला एसटीत बसवून दिलं आणि म्हणालो, अंग मोडून आलंय, तू हो पुढे.

"नक्की ना? की आमचं मटण झोंबतंय तुला?"

"जा गं. चौकात जाऊन जरा सगळं ठीक आहे का बघतो आणि घरी पडतो."

चौकात ती हिरव्या कापडाआड उभी होती. मी आत गेलो आणि दुपारच्या तिरप्या उन्हात त्या शिवणी बघितल्या. माझ्या बाबांनी मला जन्मभर जे पुसायला शिकवलं, ते सगळं तिथं होतं, तुझा हात, तुझं मनगट कुठं थकलं, कुठं तू श्वास धरलास, कुठं हसलीस. मी आयुष्यात जे जे केलं त्यात मी कुठंच नव्हतो, आणि तू इथं वितीवितीवर होतीस.

मी ग्राइंडर सुरू केला.

फिनिशिंग करतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. जिल्ह्याचे मोठे पाहुणे येणार, ओबडधोबड दिसायला नको. हे कारण मी पुढे इतक्यांदा सांगितलं की मलाच पटत आलं होतं. आज म्हातारपणी ते कारण उचलून खाली बघतो तेव्हा खाली काय आहे ते स्पष्ट दिसतं. मला तुझी सही सहन होत नव्हती. बाहेरच्या बाजूची प्रत्येक शिवण मी पत्र्याला सपाट होईपर्यंत घासली. आतल्या बरगड्यांच्या सांदीत ग्राइंडरची चकती जात नव्हती, म्हणून तेवढ्या राहिल्या. दयेनं नाही राहिल्या.

आणि ऊन उतरायच्या आत तू आलीस. कोणी सांगितलं होतं देव जाणे, बहुधा कोणीच नाही. तुझा जीव तिकडे लागला नसेल. हळदीतून उठून तशीच आली होतीस. गालाला, गळ्याला, दोन्ही हातांना कोपरापर्यंत हळद. मी ग्राइंडर बंद केला. कानात बराच वेळ त्याचाच आवाज राहिला.

तू जवळ गेलीस आणि पाठीच्या मधोमध, जिथं तुझी सगळ्यात लांब शिवण होती, तिथं डावा तळवा ठेवलास. वरून खाली फिरवलास.

"गुळगुळीत झाली," म्हणालीस. "न्हाव्याकडं नेऊन आणल्यासारखी."

"मथुरा, उद्या पाहुणे..."

"मना काय बोलू नको आता."

आणि तू परत हळदीला गेलीस. पत्र्यावर तुझा पिवळा पंजा राहिला, पाचही बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या आधी जाऊन तोही मी थिनरनं पुसला. बाबांचा मुलगा ना मी.

अनावरणाला मुख्य पाहुण्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईंच्या कल्पनेला यांच्या मनगटाची जोड लाभली." टाळ्या झाल्या. दोघांना शाल आणि नारळ. तू माझ्याकडे बघत होतीस. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, गैरसमज होतोय, मनगटही हिचंच. चार शब्द. माझ्या हातात नारळ होता आणि मी तो नारळ बघत बसलो.

*

तू त्यानंतर बरेच दिवस बोलली नाहीस. मग एक दिवस गाळ्यावर येऊन, जणू काही झालंच नाही अशी, म्हणालीस, "चल, खोपटला चहा पिऊ, डेपोसमोर. इथला चहा म्हणजे तुझ्या पुतळ्यांचं आंघोळीचं पाणी." मला वाटलं, माफ केलंस. आता वाटतं, तू फक्त चहाला बोलावलं होतंस.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे घडली, आणि ती तुला कळली होती की नाही हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. एका मोठ्या शहराच्या समितीला तुझं काम पसंत पडलं होतं. 'मीठ ओढणारी'च्या तिप्पट मोठं काम. त्यांच्यातले एक गृहस्थ कल्याणला माझ्याकडे आले. सभ्य माणूस. म्हणाले, "बाईंबद्दल आदर आहे, पण एवढ्या मोठ्या कामाचं जोडकाम त्या स्वतः करतात का? ठाण्याचं ते तुम्ही केलंत असं ऐकलं."

मी हसलो. "आता काय सांगायचं साहेब, आम्ही एकाच गाळ्यात असतो," म्हणालो.

यात एक शब्द खोटा नाही. काम दुसऱ्याला गेलं. तुला पुन्हा कधी दोन पुरुष उंच काही उभं करायला मिळालं नाही. तू हातभर, कमरेइतकी अशी कामं करत राहिलीस आणि लोक म्हणत राहिले, बाईंचा पिंड लहान कामाचा आहे. ते ऐकलं की मला बरं वाटायचं. नंतर झोप यायची नाही, पण आधी बरं वाटायचं.

आणि असं असताना तू माझा घोडा उभा केलास.

मला आयुष्यात ज्या एका कामाची खरी शाबासकी मिळाली ते माझं ब्राँझ. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि वर स्वार. त्याच्या आतला माझा लोखंडी सांगाडा दोनदा वाकला. मुदत संपत आलेली. मी गाळ्यात डोक्याला हात लावून बसलो होतो. तू तुझं काम बाजूला ठेवून आलीस, घोड्याभोवती फिरलीस आणि म्हणालीस, "सगळं वजन पुढे टाकलंयस. शेपटीतून जमिनीत उतरव." मग तूच आतला सगळा सांगाडा नव्यानं जोडलास. मी ओळंबा धरला होता, माझ्याच घोड्याला.

"मथुरा, लोकांना सांगायला हवं गं, आतलं काम तुझं आहे."

"सोड रं. घोड्याच्या पोटात काय हाय ते कोण इचारतंय!"

मी सोडलं. किती पटकन सोडलं! आजही डोंबिवलीत तो घोडा उभा आहे, लोक त्याच्याखाली फोटो काढतात, आणि त्याच्या पोटात तुझ्या उलट्या शिवणी आहेत, ब्राँझनं झाकलेल्या. तिथं ग्राइंडरची गरजच पडली नाही.

तुला भेटायला शेवटचा आलो तेव्हा तू खिडकीपाशी बसली होतीस, नाकाला नळी. तुझा आवाज गेला होता, नजर नाही. मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. तू मला बोलूच दिलं नाहीस. आधी चहात साखर कमी म्हणून प्राचीशी भांडलीस, मग मला विचारलंस, "तुझा घोडा काय म्हणतो?"

"उभा आहे."

"असणारच," म्हणालीस आणि हसलीस, आणि खोकल्याची उबळ आली.

त्या हसण्याचा मी रोज वेगळा अर्थ लावतो. एक दिवस वाटतं, तुला सगळं माहीत होतं आणि तू मला तिथंच सोडवलंस. दुसऱ्या दिवशी वाटतं, तू मला मुद्दाम लटकत ठेवलंस. दुसरा दिवस असला की मला तुझा राग येतो, आणि खरं सांगतो, तो दिवस मला जरा सोपा जातो.

*

परवा मी प्राचीला म्हटलं, पाटीचा मजकूर पक्का करायच्या आधी मला यार्डात घेऊन चल.

रस्ता रुंद करताना ती चौकातून काढली आणि नुसती आडवी टाकून दिली, हे तुलाही माहीत होतं. तू बघायला कधी गेली नाहीस. बरं केलंस. खांबांच्या आणि जुन्या झोपाळ्यांच्या मध्ये ती कुशीवर पडली आहे. नंतर कोणी चढवलेला रंग केव्हाच गेला. पोटाकडची पोकळ बाजू आता वाटेकडे. मी वाकलो, गुडघे ओरडले, आणि बरगड्यांच्या सांदीत हात घातला.

"प्राची, इकडे ये. इथं बोट फिरव. काय लागतंय?"

"लहरी आहेत. वेल्डिंगच्या."

"कुठून कुठे गेल्यात? ही वरची बाजू समज, उभी असताना कशी होती तसं."

ती मान वाकडी करून बघत राहिली. "उजवीकडून... डावीकडे."

"मी कोणत्या हातानं जेवतो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आत बघितलं. दुसरी शिवण, तिसरी. सगळीकडे बोट फिरवलं. घोडा, समिती, नारळ, सगळं मी तिला तिथंच सांगितलं, एका मोडक्या घसरगुंडीवर बसून. ग्राइंडरचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांच्या हळदीच्या दिवशी?"

"हो."

"बाबा अजून बोलून दाखवतात. आत्या भर हळदीतून उठून गेली, तिला घरच्यांपेक्षा लोखंड प्यारं. आजी तर गेली तोपर्यंत हेच बोलत होती." तिनं पुन्हा शिवणीवर बोट ठेवलं. "आत्यानं कधी सांगितलं नाही, का गेली ते."

मला हे माहीत नव्हतं, मथुरा. तुझ्या घरातलंही मी असं काही घासून टाकलं होतं, हे मला परवा कळलं.

मी म्हणालो, "पाटीवर फक्त तिचं नाव घाला. आणि आतली बाजू रस्त्याकडे करा. तिला तशी हवी होती."

ती पलीकडे, बाहेरच्या बाजूला गेली, आणि तिथून तिनं मला हाक मारली. काका म्हणाली नाही, नुसतं "इकडे या."

जिथं मी घासून सपाट केलं होतं, तिथं पत्र्यावर एकसारखा तांबूस गंज आला होता, आणि त्या गंजात गडद रेघा उमटल्या होत्या. तुझ्या प्रत्येक शिवणीच्या जागी एक रेघ. जोडाचं लोखंड वेगळं, पत्र्याचं वेगळं. वरून कितीही सपाट करा, पाऊस आणि खारा वारा दोघांना वेगवेगळे गंजवतात. इतकी वर्षं या धंद्यात काढून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी जे पुसलं ते वाऱ्यानं पुन्हा काढून ठेवलं होतं. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद नाही. मला वाटलं, घ्या, आता गंजसुद्धा हिच्याच बाजूनं.

आणि मग मी तिथं उभ्या उभ्या रडलो. प्राचीनं थोडा वेळ मला तसंच राहू दिलं. तो तिचा हक्क होता.

काल तिचा फोन आला. आवाज कोरडा. "सगळ्यांशी बोलले. पाटीवर फक्त आत्याचं नाव. आतली बाजू रस्त्याकडे."

"छान केलंस," मी म्हणालो. म्हणताना थांबलो थोडा. अजूनही कान टवकारून होतो, की ती म्हणेल, लहान अक्षरांत का होईना, खाली तुमचं. ती म्हणाली नाही. मी तुझ्यावर पुन्हा एकदा जळलो.

मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. मग तुमचं काम नक्की काय होतं?"

"मी ओळंबा धरायचो."

ती म्हणाली, "उभी करायच्या दिवशी या. क्रेनवाले असतील, त्यांच्याकडे सरळ बघायचं मशीन असतं. पण या."

मी येणार आहे, मथुरा. माळ्यावरून ओळंबा काढलाय, दोर कुजला होता, नवा लावलाय. तुझ्याबद्दल मी जगाशी खूपदा खोटं बोललो आणि त्याहून जास्त वेळा गप्प बसलो. पण तू वरून "सरळ हाय का रं?" असं ओरडायचीस तेव्हा माझ्या हातात दोर असायचा, आणि त्या एका प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलं नाही. तुझं काम डोळ्यांदेखत माझ्यापेक्षा मोठं होत असतानाही नाही.

त्या दिवशी ती उभी राहील तेव्हा मी खाली असेन. सरळ असेल तर सरळ म्हणेन. बोटभर जरी कलली असेल, तरी क्रेनवाल्याला थांबवेन आणि सांगेन.